कडबा कुट्टी, जर्मन रेडिओ आणि मतदानाचं मशीन

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्यासाठी एक काम ठेवलंय.

मागच्या उन्हाळ्यात मी चार ओळींची एक बातमी दिली होती. ‘कडबा कुट्टी यंत्रात हात अडकून महिला जखमी.’ आतल्या पानावर, खाली कोपऱ्यात. वीस वर्षांच्या पत्रकारितेत अशा किती बातम्या दिल्या याची मोजदाद नाही. गावाचं नाव बदलायचं, वय बदलायचं, बाकी मजकूर तोच. या वेळी मात्र ती मावशी ओळखीतली निघाली, म्हणून घरी भेटायला गेलो. उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. सवयीने विचारून गेलो, “मावशी, लक्ष कुठं होतं?”

“लक्ष तिथंच होतं बाबा. कडबा संपत आला की शेवटची मूठ आत जात नाही. मागून रेटायला दुसरी पेंढी नसली की हातानंच ढकलावी लागते. समद्याच ढकलतात.”

मी गप्प झालो. इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता. ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द मात्र कितीदा छापला असेल.

दुसऱ्या दिवशी आमच्या एमआयडीसीत अण्णांच्या शेडवर गेलो. अण्णा कुट्टी यंत्रं बनवतात. हे यंत्र त्यांचं नव्हतं, पण रचना सगळ्यांची सारखीच. मी म्हणालो, “अण्णा, चारा सरकवायचं तोंड जरा लांब केलं तर हात रोलरपर्यंत पोचणारच नाही की.” अण्णा म्हणाले, “पत्रा जादा लागतो. भाव वाढतो. गिऱ्हाईक शेजारच्या शेडमध्ये जातं.” मग हसून म्हणाले, “एका डिझाइन कॉलेजची पोरं आली होती की मागं. फोटो काढले, चहा घेतला, महिन्याभरानं एक रंगीत चित्र पाठवलं. चित्रातलं मशीन विमानासारखं दिसत होतं. ते बनवायचं तर मला शेड विकावं लागलं असतं.”

मीही हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारखाना आणि डिझाइन शिकवणारी संस्था एकत्र आल्याने खरंच काही घडतं का? की हे सगळं भाषणापुरतंच? म्हणून जुनं वाचायला घेतलं. जे सापडलं ते इथे मांडतोय.

सुरुवात जर्मनीपासून. फ्रँकफर्टला ब्राउन नावाची रेडिओ बनवणारी कंपनी होती. माक्स ब्राउन यांनी ती १९२१ साली काढली. १९५१ मध्ये ते वारले आणि कारभार आर्तुर आणि एर्विन या दोन मुलांवर आला. आर्तुर इंजिनिअर, एर्विन व्यवहार बघणारा. त्या काळातला रेडिओ म्हणजे गडद पॉलिश केलेलं लाकडी कपाट, वर सोनेरी पट्ट्या. आपल्याकडे आजोबांच्या माडीवर असायचा ना, साधारण तसा. सगळ्या कंपन्यांचा माल एकाच साच्यातला. एर्विनच्या मनात आलं, युद्धानंतर घरं बदलली, फर्निचर हलकं झालं, माणसं बदलली, मग रेडिओच तेवढा जुन्या राजवाड्यातला कशाला?

त्याच सुमारास उल्म नावाच्या गावात एक नवी शाळा उभी राहत होती. होखशूले फ्यूर गेस्टाल्टुंग, म्हणजे डिझाइनचं महाविद्यालय. तिची जन्मकथा वाचली तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. हिटलरच्या विरोधात पत्रकं वाटली म्हणून हान्स आणि सोफी शोल या भावंडांना १९४३ मध्ये मृत्युदंड दिला गेला. त्यांची बहीण इंगे शोल हिने युद्धानंतर भावंडांच्या नावाने प्रतिष्ठान काढलं आणि ओटल आयखर, माक्स बिल यांच्यासोबत १९५३ मध्ये ही शाळा सुरू केली. पैसे जमवायला दारोदार फिरावं लागलं. जर्मनीतले अमेरिकन उच्चायुक्त जॉन मॅक्लॉय यांच्याकडून दहा लाख मार्क मिळाले, तेही तितकीच रक्कम जर्मनीत उभी करायच्या बोलीवर. रोजच्या वापरातली वस्तू प्रामाणिक असेल तर समाजही थोडा प्रामाणिक होईल, असा या मंडळींचा विश्वास होता. भाबडा वाटेल. पण आपल्याच घरातली दोन माणसं गमावून कुणी असं म्हणत असेल, तर हसण्याआधी थांबावं.

१९५४ च्या अखेरीस ब्राउन कंपनी या शाळेपर्यंत पोचली. फ्रिट्झ आइखलर नावाचे गृहस्थ कंपनीच्या वतीने मध्ये होते. शाळेतून हान्स गुगेलोट आणि ओटल आयखर कामाला लागले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९५५ मध्ये, ड्युसेलडॉर्फच्या रेडिओ प्रदर्शनात ब्राउनचा नवा माल मांडला गेला. फिकट रंगाचं लाकूड, साध्या रेषा, सोनेरी पट्टी गायब. प्रदर्शनाचा स्टॉलसुद्धा आयखर यांनी त्याच शिस्तीत रचला होता. म्हणजे कंपनीने नुसतं डबड्याचं चित्र मागवलं नव्हतं. माल काय बनवायचा, कसा मांडायचा, त्याबद्दल छापायचं काय, हे सगळं एका सूत्रात बांधून घेतलं होतं.

१९५६ मध्ये आला रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर एकत्र असलेला एसके-४. गुगेलोट आणि कंपनीतला तरुण डिटर राम्स या दोघांचं काम. याच्या झाकणाची गोष्ट अण्णांना सांगितली तेव्हा ते लगेच खूश झाले, कारण ती शेडमधलीच गोष्ट आहे. झाकण आधी पत्र्याचं केलं होतं. आवाज वाढवला की ते थरथरायचं, खडखडायचं. म्हणून पारदर्शक प्लास्टिकचं करून बघितलं. खडखड थांबली, वर आतलं सगळं दिसायलाही लागलं. स्पर्धकांनी त्याची ‘हिमगौरीची शवपेटी’ अशी टर उडवली. पुढे कित्येक वर्षं सगळ्या जगाचे रेकॉर्ड प्लेयर पारदर्शक झाकणाखाली फिरत होते. तुमच्यापैकी चाळिशीपुढच्यांनी ते पाहिलेले असतील.

आता याची दुसरी बाजू, कारण नुसती आरती ओवाळून इतिहास होत नाही. ब्राउन कंपनी शिकली आणि तिने आपलाच डिझाइन विभाग मजबूत केला. १९६१ मध्ये राम्स त्याचे प्रमुख झाले. कंपनीला शाळेची गरज कमी झाली. उल्मच्या शाळेने उद्योगांची कामं घेण्यासाठी वेगळे गट केले होते. लुफ्थान्सा विमान कंपनीची ओळखचिन्हं, लिखाण, रंग हे सगळं १९६२ च्या सुमारास अशाच एका गटाने केलं. कोडॅकचा गोल फिरणारा स्लाइड प्रोजेक्टर गुगेलोट यांचा. कामं नामांकित, पण शाळा चालायला सरकारी मदत लागायचीच. मास्तरांमध्ये आपापसांत वाद, राज्य सरकारशी वाद. शेवटी बाडेन-वुर्टेमबर्गच्या विधिमंडळाने हात आखडता घेतला आणि १९६८ मध्ये शाळा बंद पडली. उणीपुरी पंधरा वर्षं. ब्राउनचा ताबाही त्याआधीच १९६७ मध्ये अमेरिकेच्या जिलेटकडे गेला होता.

मग ‘आपल्याला त्याचं काय’ असं म्हणणाऱ्यांसाठी पुढचा भाग.

शाळा बंद पडण्याआधी तिथून एक मराठी माणूस शिकून परत आला होता. सुधाकर नाडकर्णी. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, मग उल्मला गेलेले. परतल्यावर ते अहमदाबादच्या एनआयडीत शिकवू लागले. एनआयडी ही १९६१ ची संस्था. चार्ल्स आणि रे एम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला होता, त्यातून ती उभी राहिली. त्या अहवालात एम्स दांपत्याने सगळ्यात जास्त कौतुक कशाचं केलं असेल? आपल्या तांब्याचं. कमरेवर कसा बसतो, पाणी ओतताना तोल कसा राहतो, हातात किती भरतो, घासायला सोपा कसा. पिढ्यान् पिढ्या वापरून वापरून घडलेली वस्तू.

१९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर, म्हणजे आयडीसी सुरू झालं आणि त्याच्या उभारणीत नाडकर्णी सरांचा वाटा मोठा. पुढे १९९७ मध्ये गुवाहाटी आयआयटीतला डिझाइन विभागही त्यांनीच उभा केला. जर्मनीत बंद पडलेल्या शाळेचं बियाणं असं पवईच्या तलावाकाठी रुजलं.

आणि त्या आयडीसीचं एक काम तुम्ही सगळ्यांनी हाताळलं आहे. बोटाला शाई लावून.

होय, मतदानाचं मशीन. मशीनवर विश्वास ठेवायचा की नाही हा वाद आज इथे नको. तो महत्त्वाचा आहे, पण तो वेगळा विषय. आज फक्त ते घडलं कसं ते बघू. निवडणूक आयोगात ही कल्पना १९७७ मध्ये निघाली. हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीने १९७९ मध्ये नमुना केला. नंतर बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्सही आली. मे १९८२ मध्ये केरळातल्या परूर मतदारसंघात ५० केंद्रांवर पहिल्यांदा यंत्रावर मतदान झालं. प्रकरण कोर्टात गेलं. कायद्यात यंत्राची तरतूदच नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने १९८४ मध्ये ते अमान्य केलं. संसदेने डिसेंबर १९८८ मध्ये कायदा दुरुस्त केला. या काळात जे यंत्र पक्कं होत गेलं, त्याचं औद्योगिक डिझाइन आयडीसीतल्या प्राध्यापकांनी केलं. ए. जी. राव आणि रवी पूवय्या ही ती नावं. आतली वायरिंग, सर्किट कंपनीच्या इंजिनिअरांचं. माणसाच्या हाताला आणि डोळ्याला जे भेटतं, ते डिझाइनवाल्यांचं.

पुढच्या वेळी मत द्यायला जाल तेव्हा नीट बघा. मतपत्रिकेवर जसं उमेदवाराचं नाव आणि चिन्ह असायचं तसंच एकाखाली एक. शिक्का मारायचा तिथे निळं बटण. दाबलं की लाल दिवा आणि लांब ‘पीं’ आवाज. लिहिता-वाचता न येणारी आजी दुसऱ्या मिनिटाला बाहेर. एका पेटीवर १६ नावं. मधे पाच मीटरची केबल, म्हणजे मतदार आडोशाला आणि अधिकारी टेबलावर. अधिकाऱ्याने प्रत्येक वेळी बटण दाबल्याशिवाय पुढचं मत पडत नाही आणि मिनिटाला पाचच्या वर मतं जात नाहीत. केंद्र बळकावणाऱ्याने ठप्पे मारत सुटायचं तर त्यालाही दम खावा लागतो. बॅटरीवर चालतं, कारण आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. २००४ च्या लोकसभेला ५४३ च्या ५४३ मतदारसंघांत, दहा लाखांवर अशी यंत्रं वापरली गेली.

तरीही ते पूर्ण नव्हतं. ‘माझं मत मला दिसलं पाहिजे’ ही लोकांची मागणी राहिली, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कागदी पावतीची व्यवस्था आणायला सांगितली. वस्तू लोकांच्या हातात गेली की तिची खरी परीक्षा सुरू होते. संस्था आणि कंपनीने तेव्हाही हजर असावं लागतं.

आपल्या मातीतला एक जुना दाखलाही सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंगांमधला फरक ओळखण्यात डोळ्यांचा दोष निघाला, रंगकाम सुटलं. पण यंत्रांची रेखाचित्रं काढायला तिथेच शिकले आणि त्यावर व्हीजेटीआयमध्ये शिकवायलाही लागले. पुढे लोखंडी नांगर केला, तर शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष पसरेल ही भीती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. म्हणजे महाराष्ट्रातल्या कारखानदारीच्या मुळाशीसुद्धा एक कलाशाळा आहे, हे आपण विसरलो.

आता परत कुट्टीकडे येतो. शोधताना कळलं की हे काम कुणीतरी करून ठेवलंय. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन आणि राजेश पटेल यांनी उत्तरेकडच्या खेड्यांत फिरून शेती अवजारांनी होणाऱ्या जखमांचा अभ्यास केला आणि १९९२ मध्ये तो प्रसिद्ध केला. हाताने फिरवायच्या कुट्टी यंत्रासाठी त्यांनी सुचवलेल्या गोष्टी बघा. पात्यांवर झाकण. रोलरच्या अलीकडे आणखी एक रोलर, म्हणजे हात धोक्याच्या जागी पोचायच्या आधीच बोटांना कळेल. काम नसताना चाक अडकवून ठेवायची सोय, कारण पोरं खेळताना चाक फिरवतात. यात विमानासारखं काहीही नाही. आमच्या एमआयडीसीतला कुठलाही वेल्डर हे करू शकतो.

मग तीस वर्षांत ते अण्णांच्या शेडपर्यंत का पोचलं नाही? कारण मधला रस्ताच नाही. संशोधन तिकडे छापलं गेलं, यंत्र इकडे बनत राहिलं, आणि मी मधे बसून ‘निष्काळजीपणामुळे’ लिहीत राहिलो.

हा सगळा इतिहास वाचून मला जे उमगलं ते साध्या शब्दांत मांडतो. कुणाला पटेल, कुणाला नाही.

एक, मालक स्वतः हवा. ब्राउनमध्ये एर्विन स्वतः उतरला होता. मॅनेजरच्या गळ्यात काम मारून मालक लग्नाला गेला की पोरं फोटो काढून परत जातात.

दोन, संस्थेकडे चित्र मागायला जाऊ नका, अडचण घेऊन जा. ‘मशीन भारी दिसलं पाहिजे’ म्हणाल तर विमान मिळेल. ‘शेवटची मूठ हाताने ढकलावी लागते आणि जादा पत्र्याला पैसे नाहीत’ म्हणाल तर उत्तर वेगळं येईल.

तीन, संस्थेने शेडमध्ये राहायला हवं. एसके-४ चं झाकण कागदावर खडखडत नव्हतं, चालू केल्यावर खडखडलं. पोरांनी आठवडा दोन आठवडे पत्रा कापावा, वेल्डिंगचा धूर खावा, गोठ्यात उभं राहावं.

चार, पैशाचं आणि हक्काचं आधी कागदावर ठरवा. डिझाइन कुणाचं, नोंदणी कुणाच्या नावावर, विद्यार्थ्याचं नाव कुठे येणार. नंतर तोंडं फिरवण्यापेक्षा आधी सही बरी.

पाच, संस्थेने एकाच दात्याच्या जिवावर राहू नये. उल्मचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.

सरकारी पातळीवर काहीच नाही असंही नाही. राष्ट्रीय डिझाइन धोरणाला २००७ मध्ये मंजुरी मिळाली. लहान उद्योगांसाठी डिझाइन क्लिनिक योजना २०१० मध्ये आली, तिची मुख्य जबाबदारी एनआयडीकडे होती. २०२२ पासून लघुउद्योग मंत्रालयाची ‘इनोव्हेटिव्ह’ योजना आहे, त्यात डिझाइनचा वेगळा भाग आहे आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांनाही मदत आहे. आमच्या एमआयडीसीत मी अकरा शेडमालकांना विचारलं. एकानेही यातल्या एकाही योजनेचं नाव ऐकलं नव्हतं. हा दोष त्यांचा नाही. बातमी पोचवणं हे माझं काम होतं.

परवा मी अण्णांना घेऊन मावशींकडे गेलो. अण्णा आधी तयार नव्हते. “मशीन माझं नाही, मी कशाला येऊ?” शेवटी आले. मावशींनी डाव्या हाताने दाखवलं, मूठ कुठे धरायची, कुठून ढकलायची, रोलर कुठे ओढून घेतो. अण्णा खाली बसून बघत होते. खिशातली टेप काढून त्यांनी तोंडापासून रोलरपर्यंतचं अंतर मोजलं, मग मावशींच्या कोपरापासून मनगटापर्यंतचं. कुणीच बोललं नाही. परत येताना गाडीवर मागे बसून म्हणाले, “तीस वर्षं मशीन बनवतोय. मूठ ढकलताना कधी बघितलंच नव्हतं.”

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून एका डिझाइन संस्थेला पत्र लिहिलं. चित्र नको, दोन विद्यार्थी हवेत, पंधरा दिवस, राहायची-जेवायची सोय अण्णांच्या घरी. अडचण एका ओळीत लिहिली आहे. मावशींच्याच शब्दांत.

उत्तर आलं की इथेच कळवीन.

तोवर तुमचं काम. आपल्या तालुक्यात कुणाचं शेड असेल, कुणाची मुलगी वा मुलगा डिझाइन शिकत असेल, तर मला सांगा, गाठ घालून देतो. आणि ज्यांच्या घरी कुट्टी आहे त्यांनी आज एवढंच करा. शेवटची मूठ ढकलायला यंत्राशेजारी हातभर लांब लाकडी दांडा दोरीने बांधून ठेवा. अडकला तर दांडा अडकेल. त्याला कुठल्याही योजनेची वाट बघायची गरज नाही.